मागच्या माणसाचा हात

१

दुकानदारानं खोकं काउंटरवर ठेवलं, वरची धूळ बाहीनं पुसली आणि म्हणाला, "काका, हे मेलेलं नाही. नुसतं म्हातारं झालंय."

"म्हातारं म्हणजे काय ते मला सांगू नका," मिस्त्री म्हणाले. "चालतं का, ते सांगा."

"चालेल की. पण विंडोज टाकलंत तर धापा टाकेल. लिनक्स टाका. हलकं असतं, फुकट असतं, असल्या जुन्या मशीनला मानवतं." त्यानं खणातून एक पेनड्राइव्ह काढून दिला. "यात आहे सगळं. लावा, चालू करा, आणि विचारेल त्याला हो म्हणत जा. लग्नासारखंच आहे. थांबलात तर मीच बसवून देतो संध्याकाळपर्यंत."

"बसवायचं ते मी बसवीन. पन्नास टनाची प्रेस बसवली आहे मी. हे काखेत मावतं."

आणि त्यांनी ते खरंच काखेत मारलं. संगणकाचा पडदा आणि कीबोर्ड पिशवीत घातले आणि घर गाठलं.

मिस्त्री शाळा फार शिकले नव्हते. त्याची त्यांना लाज नव्हती. सारा जन्म पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या, दाबणाऱ्या यंत्रांपाशी गेला होता आणि यंत्र त्यांना कधी खोटं बोललं नव्हतं. माणसांचं तसं नव्हतं. बायको गेल्यापासून घरात दोघंच. ते आणि मुलगी.

मुलीचं ऑफिस बंद पडलं त्याला वर्ष होत आलं होतं. आधी तिनं अर्ज केले. मग अर्ज थांबले, मग फोन थांबले, मग तिच्या खोलीच्या दाराचा पडदाही उघडेना. दुपारी उठायची, उभ्याउभ्या दोन घास खायची, परत आत. मिस्त्रींनी रागावून पाहिलं, गप्प बसून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. आणि परवा ती आपणहून स्वयंपाकघरात आली.

"बाबा, एक काम मिळतंय."

शिलाई मशीन बनवणाऱ्या एका कंपनीचं काम. गिऱ्हाइकांच्या अडचणींना घरी बसून उत्तरं लिहायची. सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं. संगणक आपला आपण आणायचा. तिचा लॅपटॉप केव्हाच बंद पडला होता, आणि हे ती तिथल्या मॅडमना बोलली नव्हती.

"नऊला मी दिसले नाही तर पुढच्या बाईला घेतील. तसं सांगितलंच आहे त्यांनी."

तिनं केस विंचरले होते. मिस्त्रींनी तेवढंच पाहिलं आणि चपला घातल्या.

आज रविवार होता. दुपारचं ऊन बाहेरच्या खोलीत टेबलापर्यंत आलं होतं.

२

"तू वाच, मी दाबतो," मिस्त्री म्हणाले. खुर्चीवर ते, शेजारी स्टुलावर ती. तिच्या हातात मोबाइल. त्यात कुणीतरी पायरी पायरीनं लिहून ठेवलेलं.

"आधी पेनड्राइव्ह लावा. मागं नको, पुढं. हं. आता चालू करा आणि लगेच हे वरच्या रांगेतलं बटण दाबत राहा. एफ बारा."

"किती वेळ?"

"निळं काहीतरी येईपर्यंत."

निळं आलं. त्यात दोन ओळी होत्या. एक जुन्या डिस्कची, एक पेनड्राइव्हची. तिनं दाखवली ती ओळ मिस्त्रींनी पकडली. बोट बटणावर ठेवलं. आत कुठेतरी टक टक झालं आणि बोट खाली गेलं.

पडदा काळा झाला. मग बराच वेळ नुसता पंखा. मग एक हिरवट चित्र, कोपऱ्यात छोटी छोटी निशाणं.

"आलं!" मुलगी स्टुलावरून उठलीच. "बाबा, चालतंय हो! हे अजून बसवलेलं नाही. नुसतं पेनड्राइव्हवरून चाललंय, चाचणीला. आवडलं तर बसवायचं."

"चाचणीचं चांगलं आहे. पण मग यावरच का नाही भागवायचं?"

"बंद केलं की सगळं विसरतं. कंपनीचा प्रोग्राम त्यात राहायचा नाही. बसवायलाच हवं." तिनं माउस ओढून घेतला आणि इकडेतिकडे उघडून पाहू लागली. वर्षभरात तिनं त्यांच्या हातातून काही ओढून घेतलं नव्हतं. मिस्त्रींना बरं वाटलं, पण ते चेहऱ्यावर येऊ देणाऱ्यांतले ते नव्हते.

"गंमतच आहे," ती म्हणाली. "जुन्या डिस्कमध्ये एकही फाइल नाही. उघडली तर रिकामी. आणि खाली म्हणतंय, पूर्ण भरली आहे. जागा शिल्लक नाही."

"कशानं भरली?"

"तेच तर. असू दे, पुसलं की जाईल. चला, बसवायला घेऊ. आता भाषा विचारतंय."

"हो म्हण."

"कुठली, ते विचारतंय बाबा. हो-नाही नाही विचारत."

"दुकानदार तर म्हणाला, सगळ्याला हो म्हणा."

ती हसली नाही, पण ओठ हलले. भाषा निवडली. मिस्त्रींचं बोट माउसवर थबकलं, आत टक टक झालं, बोट खाली गेलं. कीबोर्ड कुठला? टक टक. दाबलं. इंटरनेट जोडायचं का? टक टक. दाबलं. काम कसं रुळावर पडल्यासारखं चाललं होतं. जुन्या जोडीदाराबरोबर चालतं तसं.

३

"आता हे शेवटचं मोठं," मुलगी म्हणाली आणि वाचू लागली. "'डिस्क पुसून टाका आणि लिनक्स बसवा. डिस्कवर जे काही असेल ते कायमचं जाईल.' दाबा."

बोट गेलं नाही.

"बाबा, दाबा ना."

"थांब."

कारखान्यात त्यांना 'थांबा मिस्त्री' म्हणायचे. मुकादम वैतागून म्हणायचा, पोरं चिडवायला म्हणायची. मोठी प्रेस दोन माणसांची असते. पुढचा माणूस पायडलवर. मागचा माणूस तयार झालेला पत्रा डायवरून, म्हणजे खालच्या साच्यावरून, ओढून काढतो. यंत्राच्या मागं असल्यामुळे पुढच्याला तो दिसत नाही, आणि आवाज इतका की बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून मागच्यानं हात बाहेर काढला की पान्यानं प्रेसच्या अंगावर दोन ठोके मारायचे. टक टक. ते पायाला जाणवतात. मग पायडल. ठोके आले नाहीत तर साहेब येऊन उभा राहिला तरी पाय हलवायचा नाही. मिस्त्रींच्या प्रेसवर कधी कुणाचं बोट गेलं नव्हतं. पगारवाढ मिळाली नाही याचं त्यांना काही नव्हतं. पण हे मात्र ते कुणालाही सांगत, आणि मान वर करून सांगत.

आणि आता त्यांच्या ध्यानात आलं की मघापासून, निळ्या पानापासून, ते दर वेळी थांबत होते. जन्माची सवय. त्याचं नवल नव्हतं. नवल हे होतं की दर वेळी त्यांना उत्तर मिळत होतं.

या वेळी मिळालं नव्हतं.

"ठोके आले नाहीत," ते म्हणाले.

"कसले ठोके?"

त्यांनी सांगितलं. थोडक्यात, जसं ते सगळंच सांगत. मुलगी ऐकत राहिली आणि मग तिनं स्टूल जरा पुढं ओढलं.

"बाबा, जुनी हार्ड डिस्क अशी वाजतेच. तुमच्या प्रेसशी त्याचा काय संबंध?"

"संबंध मी लावत नाही. पण दोन माणसांच्या यंत्रावर एकट्यानं दाबायचं नसतं."

"आणि दुसरा माणूस कुठाय?"

तिनं ते थट्टेनं विचारलं. पण विचारून झाल्यावर दोघंही त्या खोक्याकडे पाहायला लागले. पंखा सावकाश फिरत होता. झोपलेल्या माणसाचा श्वासही नसतो इतका सावकाश, आणि जागा माणूस श्वास धरून बसतो तसा मधूनच थांबत.

४

मिस्त्री भुताखेतांना मानणारे नव्हते. यंत्र वाजतं त्याला कारण असतं. कारण सापडत नाही तोवर शोधायचं, एवढीच त्यांची विद्या.

त्यांनी यंत्र बंद केलं. प्लग काढला. बाजूचे स्क्रू काढून पत्रा उतरवला. आत धुळीची बोटभर गादी होती. ती ब्रशनं काढली. पंखा हातानं फिरवून पाहिला, डिस्क हलवून पाहिली, एकेक वायर चाचपली. काही ढिलं नव्हतं. काही सैल, तुटकं, खुळखुळणारं नव्हतं. पत्रा परत बसवला, प्लग लावला, पहिल्यापासून सुरुवात केली.

निळं पान. टक टक.

भाषा. टक टक.

कीबोर्ड. इंटरनेट. टक टक, टक टक.

डिस्क पुसून टाका.

काही नाही.

मुलगी आता वाचत नव्हती. मोबाइल तिनं मांडीवर उलटा ठेवला होता. "बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "मघाशी चुकले मी. हे सगळं पेनड्राइव्हवरून चाललंय. डिस्क आत्ता काही करतच नाहीये. मग वाजतंय काय?" आणि मग स्वतःच घाईनं म्हणाली, "पत्रा. पत्रा तापत असेल."

"पत्र्याचं तू मला शिकवू नकोस. पत्रा तापला की तडकतो. विचारून तडकत नाही."

त्यांनी दुकानदाराला फोन लावला. मागं कुठेतरी टीव्ही चालू होता.

"झालं का काका?"

"ते पुसायचं पान आलंय. हे यंत्र कुठून आलं तुमच्याकडे?"

"कुठलं तरी ऑफिस रिकामं झालं, तिथला लॉट होता. कुठलं ते कोण लक्षात ठेवतो? का हो?"

"आत काही वाजतं."

"वाजू दे की. माझ्याकडे होतं तेव्हा तर प्लग काढलेला असून पंखा फिरायचा. आमचा पोऱ्या घाबरला. म्हटलं, अरे, दारातून वारा येतो." दुकानदार हसला. "दाबा बिनधास्त. आत कुणी नाही बसलेलं."

मिस्त्रींनी फोन ठेवला. त्या दुकानाचं दार त्यांनी पाहिलं होतं. काचेचं होतं, आणि आपोआप बंद होणारं.

५

ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. पाणी हे निमित्त. त्यांना जरा भिंतीला पाठ लावून उभं राहायचं होतं. सहा खोल्यांचं काम एकट्या माणसानं करावं तसं डोकं दमलं होतं. सरळ हिशेब होता. तिकडे उद्या सकाळचं काम. इकडे एका जुन्या खोक्यातली टकटक. कुठल्याही शहाण्याला विचारलं तर काय सांगेल? दाब म्हणेल.

नळ सोडला होता, म्हणून पहिल्यांदा त्यांना नीट ऐकू आलं नाही. मग आलं.

दोन ठोके नव्हते. पुष्कळ होते. वेडेवाकडे, एकावर एक, पत्र्यावर उघडा तळहात आपटल्यासारखे. बंद दाराआडून माणूस आपटतो तसे.

"थांब!"

हा आवाज त्यांनी कारखाना सोडल्यापासून काढला नव्हता. दहा प्रेसवरून पलीकडे जाणारा आवाज. बाहेरच्या खोलीत ते पोहोचले तेव्हा मुलगी उभी होती. माउस तिनं हवेत उचलून धरला होता, निखारा धरावा तसा. खोक्यातला आवाज बंद झाला होता.

"मी दाबलं नाही," ती म्हणाली. "नुसतं बोट ठेवलं. म्हटलं, बाबा आत आहेत तोवर मीच... बाबा, तुम्हाला ऐकू आलं ना? मला एकटीलाच नाही ना?"

"आलं."

"नक्की?"

"बहिरा आहे का मी?"

ती मटकन खाली बसली. त्यांना वाटलं, आता रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. पण तिचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला, वर्षभर होता तसा. माउस तिनं अलगद टेबलावर ठेवला.

"राहू दे बाबा. मॅडमना कळवते मी, जमत नाही म्हणून. माझ्या बाबतीत असंच होतं काहीतरी."

"अगं, सकाळपर्यंत वेळ आहे."

"नको. खरंच नको."

ती आत गेली. मग पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकल्या. खर्रर्र. मघाच्या त्या आपटण्यानं मिस्त्रींच्या अंगावर काटा आला होता. हा आवाज त्याहून वाईट होता.

६

ते खोक्यासमोर बसले. पुसायचं पान तसंच होतं. बटण तिथंच होतं. एक बोट, आणि पोरीची सकाळ परत मिळणार होती.

बापानं दाबायला हवं होतं. त्यांना ते कळत होतं. माउसवर हातही गेला. आत काहीच वाजलं नाही. नुसती एक शांतता, खूप जवळची. हात आत आहे हे माहीत असलेल्या माणसाची शांतता.

मग त्यांच्या मनात आलं, की जो ठोका देत नाही तो काही मुद्दाम आडवा येत नसतो. तो घाबरलेला असतो.

नव्या माणसाचं असं व्हायचं. हातमोजा अडकायचा, बाही अडकायची, आणि वर तो पत्र्यावर आदळणारा एवढा मोठा लोखंडी पंच लोंबतोय हे दिसलं की पोरगा थिजायचा. ठोका द्यायचं विसरायचा, हात काढायचंही विसरायचा. ओरडून उपयोग नसायचा. त्यासाठी जुन्या मिस्त्रींची एक रीत होती. पायडल सोडायचं, पुढून वाकायचं आणि आपला तळहात डायवर, पंचाच्या बरोबर खाली, उताणा ठेवायचा. पलीकडच्या पोराला तो दिसायचा. आता पायडलवर कुणी नाही. आता दाबणाऱ्याचाच हात आत आहे. प्रेस पडणार नाही. मग पोरगा शुद्धीवर यायचा आणि सावकाश स्वतःला सोडवून घ्यायचा.

मिस्त्रींनी बाजूचा पत्रा पुन्हा उतरवला. यंत्र चालूच ठेवलं. बाही कोपरापर्यंत सारली आणि डिस्कच्या मागं, जिथं सावली होती तिथं, उताणा हात घातला.

खोकं वीतभर रुंद होतं. त्यांनीच आणलं होतं ते काखेतून. मनगट आत गेलं. मग मनगटाच्या पुढं गेलं. मग कोपर पत्र्याच्या कडेला टेकलं, आणि बोटांना पलीकडची बाजू अजून लागली नव्हती.

ते हलले नाहीत. झटका द्यायचा नसतो. बोटं जातात ती झटक्यानं.

"माझा हात आत आहे," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "दाबायला कुणी नाही. तुझ्या सोयीनं ये."

आत गार होतं. वाऱ्याचं गार नाही. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या लोखंडाचं. मग काहीतरी त्यांच्या करंगळीला लागलं आणि मागं सरलं. पुन्हा लागलं. बोटांची टोकं होती. आंधळा माणूस नाणं ओळखतो तशी ती टोकं त्यांच्या तळहातावरून फिरली. अंगठ्याच्या मुळाशी कामानं पडलेलं घट्ट कातडं होतं, तिथं थांबली. आणि मग एका हातानं त्यांचं मनगट धरलं.

घट्ट धरलं. बुडणारा धरतो तसं. आत ओढ बसली.

"पोरी," मिस्त्री म्हणाले. ओरडले नाहीत. "बाहेर ये. पळू नकोस. चालत ये."

तिच्या खोलीचा पडदा सरकला. तिनं दारातून पाहिलं: बाप खुर्चीवर वाकलेला, हात कोपरापर्यंत वीतभर खोक्यात, कपाळावर घाम. पुढं आली आणि दोन्ही हातांनी तिनं त्यांचा खांदा धरला.

"ओढू?"

"ओढायचं नाही. नुसतं धरून ठेव. मी येतो मागं. सावकाश."

ते तसूतसूनं मागं येत राहिले. पलीकडचं ओझं त्यांच्याबरोबर येत होतं. कोपर मोकळं झालं. मग हाताचा निम्मा भाग. मुलीच्या नखांनी त्यांच्या खांद्यात खड्डे पाडले होते. पत्र्याच्या कडेशी, सावली संपते आणि ऊन सुरू होतं तिथं, बापाच्या मनगटावर तिला चार बोटं दिसली. फिकट, ओलसर, मनगटावर घट्ट आवळलेली. सगळी शाबूत. तिनं डोळे मिटले.

मिस्त्रींनी मिटले नाहीत, पण त्यांनाही पुढचं दिसलं नाही. खिडकीपुढून कुणी गेल्यासारखं टेबलावरचं ऊन क्षणभर विझलं, आणि परत आलं तेव्हा मनगटावर काही नव्हतं.

मग दोन ठोके आले. टक टक.

खोक्यात नाही. लाकडावर. टेबलाच्या अलीकडच्या कडेवर, दोघांच्या मधोमध.

७

मग मुलीनं डोळे उघडले आणि पडद्यावर काहीतरी उघडलं.

"बाबा. डिस्क रिकामी दाखवतंय. सगळी जागा शिल्लक आहे."

"आता दाब."

"मी?"

"तूच. माझा हात बाहेर आहे. तुझाही आहे. दाब."

तिनं दाबलं. एक पट्टी उमटली आणि डावीकडून भरत निघाली. मिस्त्री मनगट चोळत बसले. तिथं लाल वळ होते, चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. अंगठा जरा मोठा होता, कामकऱ्याचा. त्याहून जास्त त्यांनी त्या वळांना काही विचारलं नाही.

यंत्रानं गाव विचारलं, नाव विचारलं, परवलीचा शब्द विचारला. मुलगी टाइप करत गेली. "आता नाव कुणाचं घालू? तुमचं की माझं?"

"काम तुझं, तर नाव तुझं."

शेवटी त्यानं सांगितलं, पेनड्राइव्ह काढा. काढला. पडदा काळा झाला, आणि त्या काळ्यात दोघांनी एकमेकांचा हात धरला, हे नंतर दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही. मग तेच हिरवट चित्र आलं. वर तिचं नाव होतं. यंत्र गप्प होतं. पंखा एका लयीत फिरत होता, साध्या पंख्यासारखा.

कंपनीचा प्रोग्राम उतरला, उघडला. मुलगी हात झटकत उठली, पाणी प्यायला निघाली आणि दारापाशी थबकली.

"बाबा, जिन्याचं दार कुणी उघडलं?"

दार सताड उघडं होतं. मिस्त्री घरात शिरले की कडी घालायचे. शेजारी त्यावरून विनोद करायचे. आजही घातली होती. त्यांनी दाराकडे पाहिलं, पलीकडच्या जिन्याकडे पाहिलं.

"उघडं राहू दे जरा," ते म्हणाले. "हवा येते."

८

सकाळी ते दूध आणायला उतरले. तळमजल्यावर न्हाव्याचं दुकान होतं. न्हावी वस्तरा पुसत पायरीवर उभा होता. त्याचं तोंड आणि दुकान कधी बंद नसे.

"काय थांबा मिस्त्री, काल पाहुणा होता वाटतं?"

मिस्त्रींचा पाय पायरीवरच राहिला. "कोण पाहुणा?"

"आता ते मला विचारता? तुमच्या जिन्यानंच उतरला की दुपारी. इथं उन्हात उभा राहिला. असा हात वर धरून बघत होता." न्हाव्यानं वस्तऱ्याचा हात उन्हात धरून दाखवला. "बोटं मिटायचा, उघडायचा. परत मिटायचा, परत उघडायचा. मी म्हटलं, अहो, दाढी करायची का? तर लक्षच नाही."

"दिसायला कसा होता?"

"उन्हाकडे तोंड होतं हो. तोंड नीट नाही दिसलं." न्हावी विचारात पडला. "पण खुशीत होता, एवढं सांगतो. मोठ्या दुखण्यातून उठलेला माणूस असतो ना, तसा."

"कुठं गेला?"

"गेला सरळ. घाईत नव्हता. नातेवाईक का?"

मिस्त्रींनी बाही मनगटावर ओढली. "कामावरचा," ते म्हणाले, आणि दूध घेऊन वर आले.

दार उघडं होतं. आतून कीबोर्डचा आवाज येत होता, आधी अडखळत, मग सलग. मुलीच्या खोलीचा पडदा एका बाजूला गुंडाळून बांधला होता. ती बाहेरच्या टेबलाशी पाठ ताठ करून बसली होती. नऊ वाजून गेले होते, आणि ती तिथं होती.

"बाबा, आलात? मॅडम म्हणाल्या, वेळेवर आलीस. आणि पहिलंच गिऱ्हाईक आलंय." तिनं मान न वळवता सांगितलं. "एक बाई आहे. म्हणते, मशीन अडकलंय, चाक फिरत नाही. कंपनीच्या यादीत लिहिलंय, चाक जोरानं पुढं फिरवायला सांगा. सांगू?"

"थांब," मिस्त्री म्हणाले. त्यांनी दुधाचं भांडं ठेवलं आणि तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "आधी विचार, तिचा हात सुईखालून बाहेर आहे का."

मुलगी हसली. मोठ्यानं, खोलीभर. मग तिनं तसंच लिहिलं, आणि दोघं उत्तराची वाट पाहत राहिले.